दोन माणसांचीही टोळी होते

मागील अंकात याच सदरात संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याविषयी एका वाचकाला चार ओळींचे उत्तर दिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे विदर्भातल्या खेड्यांमधली आहेत आणि त्यांचा विषय मुंबईच्या टोळीयुद्धांचा नाही, तर थैलीतली सरकी, घाटावरची रेती आणि पोराचे बँक खाते हा आहे. नाव छापू नका, अशी विनंती जवळजवळ प्रत्येकाने केली आहे. ती पाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात सट्टापट्टी घेणारा, चोरटी दारू आणणारा आणि रेतीचे ट्रॅक्टर चालवणारा असे तिघे सर्वांना ठाऊक आहेत. पोलीस त्यांना पकडतात आणि आठवडाभरात ते परत चौकात बसलेले दिसतात. शहरातल्या गुंडांना मोक्का लागतो, यांना का लागत नाही? टोळी म्हणण्यासाठी किती माणसे लागतात?
— एक शिक्षक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

गुरुजी, दोन माणसे पुरतात. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ म्हणजेच मोक्का हा माणसांच्या संख्येवर अडत नाही, त्यांच्या पूर्वेतिहासावर अडतो. ज्याला तीन वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा आहे असा दखलपात्र गुन्हा टोळीने किंवा टोळीच्या वतीने कोणी केलेला असावा, अशा गुन्ह्यांबाबत मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी, आणि हा सारा उद्योग हिंसा, धमकी, बळजबरी किंवा अन्य बेकायदा मार्गाने पैसा वा वर्चस्व मिळवण्यासाठी चाललेला असावा, एवढे सगळे जुळले तरच हा कायदा लागतो. सट्टापट्टी लिहिताना सापडलेल्या पोरावर सहसा जी कलमे लागतात त्यांची शिक्षा तीन वर्षांच्या खालीच राहते, त्यामुळे तो शंभरदा पकडला गेला तरी मोक्क्याच्या हिशोबात त्याची गणती शून्य.

मात्र ही दोन दोषारोपपत्रे प्रत्येक आरोपीच्या नावावर वेगवेगळी असावी लागत नाहीत, ती टोळीच्या नावावर मोजली जातात. कोल्हापुरातील मटका अड्ड्यावरच्या छाप्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे नवखा माणूसही जुन्या टोळीसाठी काम करत असेल तर सुटत नाही.

मोक्क्याला चाळण्याही पुष्कळ आहेत. पोलीस उपमहानिरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही, उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी तपास करू शकत नाही, आणि अपर पोलीस महासंचालकांची मंजुरी नसेल तर न्यायालय दखल घेत नाही. या चाळण्या असाव्यात, असेच माझे मत आहे. या कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येतो, दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि जामीन जवळजवळ दुरापास्त होतो. असे हत्यार प्रत्येक ठाणेदाराच्या टेबलावर ठेवण्याजोगे नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र दोन नवी कलमे आली आहेत. कलम १११ संघटित गुन्हेगारीचे आहे आणि त्याची व्याख्या बरीचशी मोक्क्यासारखीच आहे. कलम ११२ किरकोळ संघटित गुन्हेगारीचे आहे. त्यात टोळीने केलेल्या चोऱ्या, अनधिकृत सट्टा-जुगार, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची विक्री असे प्रकार येतात आणि शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. तुमचा सट्टापट्टीवाला या दारातून आत येऊ शकतो. रेतीवाल्यासाठी १९८१ चा स्थानबद्धता कायदाही आहे. झोपडपट्टी गुंड आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या त्या कायद्यात पुढे वाळू तस्करांची भर घालण्यात आली, आणि त्याखाली माणसाला जास्तीत जास्त बारा महिने स्थानबद्ध ठेवता येते. त्याचा उपयोग मर्यादित आहे, हे मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना पाहिले आहे. मालक आत जातो, ट्रॅक्टर मेहुणा चालवतो.

तिघे आठवडाभरात सुटतात, कारण तिघांचे कागद तीन ठिकाणी असतात. दारूचा गुन्हा एका रजिस्टरात, जुगाराचा दुसऱ्या, रेतीचा दंड तर तहसील कार्यालयात. वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून आणि तुमच्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी दारूबंदी राहिली, आणि त्या काळात शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या पेट्यांसाठी ज्या गाड्या, जे रस्ते आणि जी माणसे बांधली गेली ती काही बंदी उठल्यावर शेतीकडे वळली नाहीत. दारूची जीप, रेतीचा ट्रॅक्टर आणि सट्ट्याचा पैसा एकाच माणसाचा आहे का, हे तिन्ही फायली एका टेबलावर ठेवल्याशिवाय दिसत नाही. ते काम करणारा अधिकारी मिळाला तर टोळी दिसते, नाहीतर तीन सुटी माणसे दिसतात.

प्रश्न : मृगाच्या आधी मोटारसायकलवर आलेल्या एका माणसाकडून सरकीच्या सहा थैल्या घेतल्या. तणनाशक मारले तरी पऱ्हाटी मरणार नाही, असे तो म्हणाला. पावती दिली नाही. निम्मे वावर उगवलेच नाही, आणि उगवले त्यावर तणनाशक फवारले तर तणासोबत पऱ्हाटीही जळाली. तक्रार केली तर तुम्हीच आत जाल, असे कृषी केंद्रवाला सांगतो. हे खरे आहे का? आणि याला संघटित गुन्हेगारी म्हणायचे का?
— एक कास्तकार, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : होय, म्हणायचे. तुमच्या दारात आला तो एक माणूस होता, पण ती थैली एकट्या माणसाने तयार केलेली नव्हती. कोणी तरी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतले, कोणी सरकी वेगळी करून तिला रंग चोळला, कोणी पाकिटे छापली, कोणी गुजरात किंवा तेलंगणाच्या बाजूने पार्सलमधून ती आणली आणि शेवटी तुमच्याच भागातल्या, बहुधा स्वतः शेती करणाऱ्या, माणसाने ती उधारीवर किंवा रोखीने वाटली. तुमच्या तालुक्यातून आदिलाबादकडे जाणारा महामार्ग जितका कापसाच्या गाड्यांना सोयीचा आहे तितकाच या मालालाही.

बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याच्या दुसऱ्या पिढीला २००६ मध्ये. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला, ज्याला आपल्याकडे एचटीबीटी किंवा नुसते चोर बीटी म्हणतात, जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची लागवडीसाठी मान्यता मिळालेली नाही. तरीही मागणी आहे, आणि तिचे कारण कोणत्याही धुऱ्यावर उभे राहिले तर कळते : निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेकडो शेतकऱ्यांनी उघडपणे हे बियाणे लावून सविनय कायदेभंग केला होता. तंत्रज्ञान मिळावे की मिळू नये, या वादात मी इथे पडत नाही. पण ते मिळावे असे ज्यांना वाटते त्यांनीच या मोटारसायकलवाल्यांवर सर्वांत जास्त चिडायला हवे, कारण हे लोक चोर बीटीच्या नावाखाली साधी सरकीही विकतात.

एका खटल्यात मुद्देमाल म्हणून आलेल्या अशा थैल्या मी हाताळल्या आहेत. चकचकीत पाकीट, त्यावर टवटवीत बोंडांचे चित्र, आणि लॉट क्रमांक व चाचणीची तारीख जिथे असते ती चौकट कोरी. सरकीला गुलाबी रंग होता. ओले बोट लावले की रंग बोटाला आणि आतली सरकी जिनिंगमधल्या सरकीसारखी भुरकट. बोलगार्ड-२ च्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसाच्या, ४७५ ग्रॅमच्या अधिकृत पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारने २०२५ साठी ९०१ रुपये ठरवली होती. बिनपावतीच्या मालाला असा कोणताच आकडा बांधील नाही. पण या धंद्याचे खरे भांडवल वेगळेच आहे. ज्याने बेकायदा वस्तू घेतली तो फसवणुकीची तक्रार करायला जात नाही, आणि कृषी केंद्रवाल्याचे ते वाक्य, तो जाणून बोलला असो वा नसो, याच भांडवलाची राखण करते.

आता तुमची भीती. अमान्य जनुकीय बियाणे लावणेही पर्यावरण कायद्याखालील नियमांना धरून नाही, आणि २०१९ च्या आंदोलनात काही शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले होते, हे मी लपवणार नाही. म्हणूनच एकटे जाऊ नका. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा आणि फसवला गेलेला माणूस म्हणून लेखी तक्रार द्या. वावर मोडण्याआधी तालुका पातळीवरील बियाणे तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्या. रिकाम्या थैल्या, उरलेली मूठभर सरकी, त्या माणसाचा मोबाइल क्रमांक आणि मोबाइलवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवा. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे, पण पावतीशिवाय ग्राहक आयोगापुढे तुमची बाजू लंगडी राहील.

तक्रार देताना एका गोष्टीचा आग्रह धरा. बियाणे अधिनियम, १९६६ खाली पहिल्या गुन्ह्याला शिक्षा किती, तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. हा आकडा वाचून हसू येते, पण याच आकड्यामुळे कित्येक प्रकरणे वाटणाऱ्यापाशीच थांबतात. त्याच घटनेला भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) लागले, किंवा जीवनावश्यक वस्तू अधिनियम लागला, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि तीन वर्षांची ती रेषा, जिचा उल्लेख वर गुरुजींच्या उत्तरात आला आहे, ओलांडली जाते. पाकिटे छापणाऱ्यापर्यंत तपास जायचा की मोटारसायकलवाल्यापाशी संपायचा, हे बऱ्याच अंशी प्राथमिक माहिती अहवालातील या एका ओळीवर ठरते. बोगस आणि अमान्य बियाण्यांसाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये विशेष तपास पथक नेमले होते, ते ठाण्याच्या हद्दीपुरता तपास कुठे अडतो हे ओळखूनच.

प्रश्न : वडिलांनी दहा वर्षांपूर्वी गावच्या सावकाराकडून पैसे घेतले आणि तोंडी बोलीवर दोन एकरांचे खरेदीखत करून दिले. पैसे फेडूनही वावर परत मिळत नाही. विचारायला गेलो तर दोन पोरे अंगावर सोडतो. खरेदीखत झाले म्हणजे सगळे संपले का?
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

संपले नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार, अवैध सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. तुमची मुदत शिल्लक आहे, ती घालवू नका. ताबा तुमच्याकडेच असेल तर सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदी आणि धुऱ्याशेजारच्यांचे जबाब उपयोगी पडतील. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याला तारण कर्ज वार्षिक नऊ टक्के आणि विनातारण बारा टक्के याहून महाग देता येत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात त्या माणसाच्या नावाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखतांच्या सूचीचा उतारा, काढा. एकाच माणसाने दरसाल थोडी थोडी करून दहा जणांची वावरे घेतलेली दिसली, तर तुमचा अर्ज एकट्याचा राहणार नाही. त्या दोन पोरांविरुद्ध मात्र पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या. उपनिबंधकांना त्यांचे काही करता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर घरीच आहे. चौकातल्या एकाने त्याला बँकेत खाते उघडायला लावले, पाच हजार रुपये दिले आणि पासबुक, एटीएम कार्ड, सिम कार्ड घेऊन गेला. आता बँकेने खाते गोठवले असून दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस आली आहे. मुलगा म्हणतो, मी काहीच केले नाही. आम्ही काय करावे?
— एक आई, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

ताई, 'मी काहीच केले नाही' हे वाक्य त्याने पोलिसांपुढे म्हणू नये, कारण ते खरे नाही आणि पहिल्याच कागदावर खोटे ठरेल. त्याने खाते भाड्याने दिले आहे. कुठे तरी एखाद्या निवृत्त माणसाला 'डिजिटल अटक' झाल्याची भीती घालून, वा गुंतवणुकीचे आमिष दाखवून लुबाडले जाते. तो पैसा काही मिनिटांत पाच-दहा खात्यांतून फिरवून काढून घेतला जातो आणि तुमच्या मुलाचे खाते हे त्या जिन्याची एक पायरी असते. फसलेल्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार केली की पोलीस आणि बँका त्या पायऱ्या उलट्या दिशेने उतरू लागतात, आणि प्रत्येक पायरीवर त्यांना नाव सापडते ते खातेदाराचे. चौकातल्या माणसाचे नाव कोणत्याही कागदावर नसते. टोळीने पाच हजार रुपये मोजले ते त्यासाठीच.

नोटीस खरी आहे का, हे आधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन तपासून घ्या, कारण खोट्या नोटिसाही फिरतात. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असेल तर ठरल्या दिवशी हजर होणाऱ्याला सहसा अटक होत नाही, न जाणाऱ्याला होऊ शकते. दूरचे राज्य आहे म्हणून गप्प बसणे हीच सर्वांत महाग चूक ठरते. फोनमधले त्या माणसाशी झालेले बोलणे पुसू नका, फोन बदलू नका, आणि खाते मोकळे झालेच तर त्यातल्या रकमेला हात लावू नका. खाते कोणी मागितले, कुठे बसून मागितले, कार्ड कोणत्या दिवशी दिले, गावातल्या आणखी कोणी दिले, हे सगळे मुलाकडून तारखांसह लिहून घ्या आणि वकिलाबरोबर जाऊन द्या.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि संघटित गुन्ह्याला जाणूनबुजून साह्य करणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची कैद आहे. मुलाला किती ठाऊक होते, यावरच सगळे अवलंबून राहील. अशा मुलांना आरोपींच्या रांगेत शेवटी उभे करण्यापेक्षा साक्षीदारांच्या रांगेत पुढे बसवले, तर चौकातल्या माणसाचे नाव कागदावर येईल. तपास अधिकारी तसे करतीलच, असे वचन मात्र मी तुम्हाला देऊ शकत नाही.

प्रश्न : आमचे गाव जंगलाला लागून आहे. काही अनोळखी कुटुंबांनी नाल्याकाठी तळ ठोकला आहे. वाघ मारणारी टोळी आहे, असे गावातले लोक म्हणतात. त्यांना हुसकावून लावावे का?
— एक तरुण, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

हुसकावू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि जे पाहिले तेवढेच सांगा : लोखंडी सापळे, विजेच्या तारांवर टाकलेले आकडे, पाणवठ्याकडे रात्रीची ये-जा. एखादा समाज फिरस्ता आहे म्हणून तो गुन्हेगार, हा समज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पसरवला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, समज मात्र गावोगावी शिल्लक आहे आणि त्यापायी निरपराध माणसांनी मार खाल्ला आहे. शिकारीची टोळी खरी असली तरी पाणवठा दाखवणारा बहुतेक वेळा गावातलाच असतो. वाघाच्या शिकारीला वन्यजीव संरक्षण कायद्यात तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, कातडी आणि हाडे नेपाळ-म्यानमारमार्गे देशाबाहेर जातात, आणि त्या वाटेवरची पुढची नावे जिवंत पकडलेल्या माणसाकडूनच कळतात. गावाने पिटाळलेली माणसे दुसऱ्या जंगलात जातात, एवढेच होते.

प्रश्न : मी पोलीस पाटील आहे. वैनगंगेच्या घाटावरून रात्री रेती जाते. वर कळवले की अर्ध्या तासात घाट रिकामा होतो आणि सकाळी माझ्याच दारात माणूस उभा असतो. आता एका प्रकरणात मला साक्षीला बोलावले आहे. साक्षीदाराला संरक्षण मिळते, असे ऐकले. ते मला मिळेल का?
— पवनी तालुका, जि. भंडारा

पाटील, सरळ उत्तर असे की नुसत्या रेतीच्या प्रकरणात मिळणे अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत मुख्यतः सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे येतात. घाटावर पकडलेल्या ट्रॅक्टरचे सहसा काय होते, ते तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, बंधपत्र लिहून दिले जाते आणि ट्रॅक्टर परत नदीत उतरतो. मालक तो दंड डिझेलच्या खर्चात मांडतो. त्याच रेतीबाबत चोरीचा गुन्हाही नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे अशी दोन दोषारोपपत्रे झाली की मालकासह सगळ्यांवर कलम १११ चा किंवा मोक्क्याचा विचार करता येतो. तसे झाले तर साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद मोक्क्याच्या कलम १९ मध्येच आहे. नुसता दंड होत राहिला तर तुम्ही मात्र कायम उघड्यावर राहता.

मी एका रेतीच्या खटल्यात हजर होतो. पंच म्हणून सही केलेला माणूस पिंजऱ्यात आला, सही आपलीच आहे म्हणाला, आणि सही केली तेव्हा कागद कोरा होता असे सांगून खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या हातातली टोपी थरथरत होती. चालक सुटला. मालकाचे नाव तर खटल्यात नव्हतेच. त्या पंचाला मी दोष देऊ शकलो नाही.

तुमच्या बाबतीत एक वाट मोकळी आहे. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे. तुमच्या दारात येऊन कोणी तसे बोलला असेल तर त्याची फिर्याद आजच द्या, ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, आणि त्या गुन्ह्याच्या आधारे संरक्षणाचा अर्ज करा. अर्जाचा नमुना योजनेतच दिलेला असून तो जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो, आणि पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यावा लागतो. अर्ज साक्षीच्या तारखेआधी पोहोचला पाहिजे. त्यात 'जिवाला धोका आहे' एवढेच लिहून थांबू नका. माणूस किती वाजता आला, गाडी कोणती होती, उंबऱ्याच्या आत आला की बाहेरच उभा राहिला, काय शब्द वापरले आणि तेव्हा घरात कोण होते, हे एकेक लिहा.